घटनास्थळ राखा, मग निकालावर बोला

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या जिल्हा पानावर खुनाची बातमी आली की सोबतचे छायाचित्र ठरलेले असते. कपाशीचे शेत नाहीतर केळीची बाग, मधोमध चादरीने झाकलेला देह आणि भोवती निम्मे गाव. बातमीच्या शेवटी एक वाक्यही ठरलेले: ‘श्वान पथकाने रस्त्यापर्यंत माग काढला व तेथेच ते घुटमळले.’ घुटमळेल नाही तर काय करील बिचारे? त्याच्या आधी सगळ्या गावाच्या चपला तिथून गेलेल्या असतात. तसेही कुत्र्याने काढलेल्या मागाला पुरावा म्हणून फारसे वजन देता येत नाही, हे महाराष्ट्रातूनच वर गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच सांगून ठेवले आहे.

पुढे काही वर्षांनी त्या खटल्याचा निकाल लागतो. आरोपी सुटला तर बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर ‘पैसा चालला’ म्हणतात, जन्मठेप लागली तर ‘गरीब होता म्हणून अडकवला’ म्हणतात. बोलणारी माणसे तीच. बोट मात्र दोन्ही वेळा न्यायाधीशांकडे. माझे म्हणणे एवढेच की हा वाद न्यायालयात जन्माला येत नाही. त्याचे बी प्रेत सापडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन तासांत, त्या शेतातच पडलेले असते.

नोएडाचे आरुषी तलवार या मुलीच्या खुनाचे प्रकरण सगळ्यांना आठवत असेल. 2008 सालची गोष्ट. घरात पोलीस, नातेवाईक, शेजारी, पत्रकार यांची ये-जा चाललेली, आणि त्याच इमारतीच्या गच्चीवर पडलेला, घरकाम करणाऱ्या हेमराजचा मृतदेह दुसऱ्या दिवशी सापडला. गच्चीचे कुलूप पहिल्या दिवशी कोणी उघडून पाहिले नाही. 2013 मध्ये आईवडिलांना जन्मठेप झाली, 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांना निर्दोष सोडले. आजही दोन माणसे त्या विषयावर बसली तर तीन मते निघतात. जागाच हातची गेल्यावर दुसरे काय होणार?

मी ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो. गंभीर गुन्ह्यात सरकारी कर्मचारी पंच म्हणून घ्यावेत असा शासनाचा आदेश असल्याने आमच्यासारख्यांना बोलावणे यायचेच. घटनास्थळ पंचनामा म्हणजे काय हे त्यामुळे जवळून पाहिले. आधी चतुःसीमा लिहायच्या: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस नाला. मग रक्तमिश्रित माती एका डबीत आणि थोड्या अंतरावरची साधी माती दुसऱ्या डबीत. साधी कशाला, तर तुलनेला. प्रत्येक डबीवर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, सुतळी, लाखेची मोहोर. नीट केले तर हे काम सुंदर आहे, खरेच सांगतो. पण एका प्रकरणात रक्ताने ओले झालेले कपडे तसेच प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेले मी पाहिले. असे कपडे सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचे असतात. ओले बांधले की कुजतात, आणि आपल्याकडच्या वैशाखात पत्र्याच्या खोलीत ठेवले तर विचारायलाच नको. मग नाशिकच्या प्रयोगशाळेतून सीए रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, येतो: रक्त मानवी, गट निश्चित करता आला नाही. आरोपीच्या वकिलाला एवढे वाक्य पुरते. आणि आरोपी खरोखरच निरपराध असेल, तर त्याची सुटका ज्या डागावरून झाली असती तो डागही त्याच पिशवीत कुजून जातो.

दुसरी गोष्ट सहीची. पंचनामा ठाण्यात बसून आधीच लिहिलेला, आणि हवालदार प्रेमाने म्हणतो, ‘‘काका, आठे सही करी द्या, बाकीनं आम्ही देखी लेसूत.’’ आपण सही करतो आणि पाच वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात उलटतपासणी सुरू झाली की ‘आठवत नाही’ म्हणतो. दुसऱ्या दिवशी आपल्याच पेपरात ‘पंच फितूर’. फितूर कसला, त्याने काही पाहिलेलेच नसते!

आता ‘कबुली’. ‘पोलिसी खाक्या दाखवताच आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ असे आपण छापता आणि वाचकाच्या मनात खटला तिथेच संपतो. पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात चालत नाही. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू निघाली तर निवेदनाचा तेवढाच भाग चालतो. जुन्या पुरावा कायद्याचे ते कलम 27, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 23 मध्ये आले आहे. म्हणून कोयता विहिरीतून, चाकू उकिरड्यातून ‘आरोपीने काढून दिला’ असे निवेदन पंचनामे होतात. पण जागा उघडी असेल आणि वस्तू तिथे असल्याचे आधीच गावभर झाले असेल, तर काढून दिले म्हणण्यात काय राहिले? नोएडातल्या निठारीच्या मुलांच्या हत्याकांडात ज्याच्या फाशीवर 2011 मध्ये शिक्कामोर्तब झाले होते, त्याला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये क्युरेटिव्ह, म्हणजे अगदी शेवटच्या दाद मागण्याच्या, याचिकेत मुक्त केले. त्यात हाच मुद्दा होता. कवट्या आणि हाडे जिथे सापडली ती जागा लोकांना आधीच ठाऊक होती. मग त्या मुलांना मारले कुणी? त्यांच्या आईबापांना याचे उत्तर आजही मिळालेले नाही.

डीएनए आला म्हणजे सगळे मिटले असेही नाही. अहवाल खरा असतो, पण त्या नळीत काय गेले हे नमुना कुठे, कोणाकडे, किती दिवस पडून होता यावर ठरते. जुलै 2025 मध्ये तमिळनाडूतल्या एका फाशीच्या कैद्याला सोडताना सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी आदेश दिले: डीएनएचे नमुने 48 तासांत प्रयोगशाळेकडे पोचते झाले पाहिजेत, आणि नमुना गोळा केल्यापासून निकालापर्यंत कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याची नोंदवही ठेवली पाहिजे.

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आणि चित्रीकरण करणे बंधनकारक केले आहे. फक्त राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची सवलत दिली. झडती-जप्तीच्या चित्रीकरणाला मात्र अशी सवलत नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर खून झाला तर तज्ज्ञांची गाडी किती वेळात पोचेल, हे घाट चढलेल्या कुणालाही कळते. तोवर जागा राखणार कोण? पोलीस पाटील आणि एक दोरी. दोरी महाग नाही. पण ती बांधली की गावातले पुढारी आधी तिच्याखालून वाकून आत जातात, त्यांच्या मागे मोबाईलवाले.

खान्देशात संशय पहिला कुणावर जातो हे मी सांगायला नको. उसाच्या टोळीतला मजूर, पारधी, पाड्यावरचा पोरगा. त्याच्या बाजूने बोलायला ना पैसा, ना ओळख. घटनास्थळावरचा एखादा ठसा त्याचा नाही एवढेच त्याच्या बाजूने बोलू शकते, आणि तोच आपण तुडवतो.

तेव्हा विनंती आपल्यालाच आहे. छायाचित्रकाराला दोरीच्या बाहेर उभे करा. ‘कबुली’ हा शब्द मथळ्यात नको. आणि बातमीदाराने तपास अधिकाऱ्याला ‘आरोपी कधी पकडणार’ एवढेच न विचारता हेही विचारावे: जप्तीचे चित्रीकरण झाले का? पंच जागेवर हजर होते का? नमुने कोणत्या तारखेला नाशिकला रवाना झाले? उत्तर मिळाले तर ते छापा, मिळाले नाही तर तेही छापा.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक
शिंदखेडा, जि. धुळे