पहिले ‘सेल्स फनेल’ साधे आणि खरे असावे

संपादक महोदय,

नवा व्यवसाय सुरू करणारे अनेक ख्रिस्ती उद्योजक ‘सेल्स फनेल’ (अनोळखी माणसाला टप्प्याटप्प्याने ग्राहक बनवणारी वाट) या शब्दालाच बिचकतात. वास्तविक, पहिल्या फनेलला एक वेब पान, ग्राहकाची एखादी अडचण खरोखर सोडवणारी मोफत पुस्तिका, त्यानंतरचे चार-पाच ईमेल आणि विक्रीसाठी एकच वस्तू किंवा सेवा एवढे पुरते. पानावर आलेल्या 100 जणांपैकी 20 जणांनी ईमेल पत्ता दिला आणि खरेदी मात्र कोणीच केली नाही, तर दोष ईमेलमध्ये किंवा किमतीत शोधावा. जाहिरातीवर आणखी पैसा ओतू नये.

मला अधिक काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पान पुन्हा उघडताच नव्याने सुरू होणारे, उरलेला वेळ उलटा मोजणारे घड्याळ आणि ‘शेवटच्या तीनच जागा’ अशी खोटी टंचाई सर्रास वापरली जाते. बायबलमधील नीतिसूत्रे 11:1 मध्ये परमेश्वराला खोट्या तराजूचा वीट आहे असे म्हटले आहे, आणि माझ्या मते हे घड्याळ म्हणजे तोच तराजू होय. मुदत खरी असेल, तर ती जरूर सांगावी. श्रद्धेचा उल्लेखही केवळ गिऱ्हाईक मिळवण्यासाठी करू नये, आणि यादीतून नाव काढण्याचा दुवा प्रत्येक ईमेलमध्ये ठळक ठेवावा.

आपला विश्वासू,
एक वाचक