आई, तो स्पंज धुवू नकोस

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "तुझ्यासारखी टाकी आपणही ठेवली असती गं, पण आमच्या हातून मासे टिकत नाहीत." फोन ठेवला तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून लिहायलाच बसले.

मी सात वर्षांची असताना आणलेला गोल्डफिश आठवतो? गोल काचेच्या भांड्यातला? आई, तू रोज सकाळी सगळं पाणी ओतून द्यायचीस, खडे घासायचीस, भांडं लख्ख करायचीस. आणि बाबा, तुम्ही येता-जाता चिमूटभर खाद्य टाकायचात, कारण तो सारखा वर येऊन तोंड उघडायचा. बाराव्या दिवशी तो आडवा तरंगत होता. आई म्हणाली, "आपल्याला लाभत नाही." तो विषय तिथेच मिटला.

तो भुकेला नव्हता हो, बाबा. त्याला श्वास पुरत नव्हता.

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो, उरलेलं खाद्य कुजलं की त्यात भर पडते. माशाला हे विषच. टाकी रुळलेली असेल तर एक प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारी. मग दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. ते थोडं असलं तर माशाला सोसतं आणि वनस्पतींना खत म्हणून चालतं. हे जिवाणू काचेवर, वाळूवर, फिल्टरच्या स्पंजवर चिकटून राहतात, आणि त्यांचा जम बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. आपण त्यांना एक दिवसही जम बसू दिला नाही. वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन. लाभण्या-न लाभण्याचा प्रश्नच नव्हता. त्या भांड्यात कोणाचाच मासा जगला नसता.

मी काही फार शहाणी होते असं नाही. गेल्या वर्षी माझी टाकी भरून जेमतेम दोन आठवडे झाले होते. दुकानदार म्हणाला, पाणी स्वच्छ दिसतंय ना, मग सोडा मासे. मी सहा निऑन टेट्रा एकदम सोडले. चौथ्या दिवशी सगळे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. पाणी तपासायचं किट तेव्हा कुठे आणलं, तर नायट्राइट चढलेलं. त्याने माशाचं रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. चार गेले. तुम्हाला सांगितलं नव्हतं.

म्हणून तुमची टाकी आपण सावकाश लावू. ४५ बाय ३० बाय ३० सेंटीमीटरची घेते, साधारण ४० लिटरची. याहून लहान नको. थोड्या पाण्यात झालेली चूक लगेच अंगाशी येते. वाळू-दगडांसकट वजन ५० किलोच्या आसपास जाईल, तेव्हा बाबा, ती डुगडुगणारी तिपाई मनातून काढून टाका. भक्कम टेबल हवं, आणि खिडकीच्या उन्हापासून लांब, नाहीतर काचेवर नुसतं शेवाळ माजेल.

वाळू बादलीत निवळ पाणी येईपर्यंत धुवायची, साबण अजिबात नाही. (आई, अजिबात.) पाणी भरताना वाळूवर एक ताटली ठेवायची आणि धार तिच्यावर सोडायची, म्हणजे खड्डा पडत नाही. पाण्यात क्लोरीन मारायचं औषध घालायचं.

खरी मजा वनस्पतींत आहे. जावा फर्न आणि अनुबियास वाळूत पुरायचे नाहीत. त्यांचं आडवं खोड गाडलं गेलं की कुजतं, म्हणून ते लाकडाला दोऱ्याने बांधायचे. ते काम बाबांचं, तुमच्या गाठी सुटत नाहीत. क्रिप्टोकोरीन मात्र वाळूत लावायची. ती आठवडाभरात पाघळल्यासारखी होईल, पानं काचेसारखी पारदर्शक होऊन गळतील. माझी तशी झाली तेव्हा मी उपटून फेकायलाच निघाले होते. मुळाशी बोट घातलं तर नखाएवढा तांबूस कोंब! जागा बदलली की ती रुसते, मुळं मात्र जिवंत असतात. गळलेली पानं तेवढी काढायची.

दिवा दिवसाला सहा-सात तास पुरे, टायमर लावून देईन. तिसऱ्या आठवड्यात सगळ्यावर तपकिरी धूळ बसेल, ती नव्या टाकीत बसतेच. लाकडावर पांढरट बुरशीही येईल. घाबरू नका.

वनस्पतींबरोबर एखादी गोगलगाय आलीच तर राहू द्या. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती एकत्र ठेवल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच्याकडेही कुजक्या पानांनी पाणी बिघडलं होतं. मग त्याने गोगलगायी सोडल्या, त्यांनी ती पानं फस्त केली आणि टाकी सावरली. तीच व्हॅलिसनेरिया तुमच्या मागच्या काचेशी लावू. गवतासारखी लांब असते, वाळूलगत धावती खोडं सोडत पसरते.

पहिले काही आठवडे मासे नाहीत. अमोनियासाठी चिमूटभर खाद्य पाण्यात टाकायचं, ते कुजू द्यायचं. बाबा, तुमच्या चिमटीला इथे पूर्ण मुभा! अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच मासे, तेही थोडे-थोडे. मग मात्र दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य. आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं, सगळं कधीच नाही.

मी पुढच्या महिन्यात येते. बरोबर झाकणाच्या डब्यात, टाकीच्याच पाण्यात बुडवलेला एक मळकट, तपकिरी, बुळबुळीत स्पंज असेल. माझ्या फिल्टरमधला आहे, वर्षभर वापरलेला. त्याच्यावरचे जिवाणू तुमच्या टाकीत गेले की वाट पाहायचे दिवस बरेच कमी होतील. आई, मी अंघोळीला गेले असताना तुला तो डबा ओट्यावर दिसेल. हात लावू नकोस.

तुमची,
धाकटी