कोजागिरीला बर्फ पडला

नाशिक,
कोजागिरीनंतरचा रविवार

शैले,

सप्रेम नमस्काराने सुरुवात केली तर तू लगेच ओळखशील की मला काहीतरी लपवायचंय. म्हणून थेट लिहिते. आठ महिने पत्र नाही, फोन उचलला तर ‘नंतर करते गं’. सगळं मान्य. शिव्या घालायच्या तर घाल, पण आधी शेवटपर्यंत वाच. प्रकृती ठीक. बीपीची अर्धी गोळी होती ती एक झाली, बाकी काही नाही.

यंदा कोजागिरीला आमच्या गच्चीवर सिनेमा होता. एरवी भेंड्या आणि हाऊजी असते. या वेळी पोरांनी कुठूनतरी प्रोजेक्टर आणला, आणि पडदा म्हणून गेली माझी डबलबेडची पांढरी चादर. पांढरी म्हणजे आपली म्हणायला. एका कोपऱ्यात गुलाबाची फिकट वेल आहे, ती सिनेमाभर हिरॉइनच्या गालावर चढलेली होती.

सिनेमा अमेरिकन, टीव्हीसाठी केलेला, हिंदीत डब. एक विधवा बाई आणि तिचा मुलगा. एक घटस्फोटित बाप आणि त्याची मुलगी. पोरं एकाच शाळेत. तीच संगनमत करून दोघांना सारखी समोरासमोर आणतात. बाईची बेकरी आहे, बाप सुतारकाम करतो, पण दोन तासांत एकदाही त्याच्या शर्टाला भुसा लागत नाही. मग एक गैरसमज, मग बर्फ, आणि बर्फात अगदी शेवटी एकच मुका, तोही आमच्या चेअरमनना खोकला येऊ नये इतका सभ्य. इकडे पातेल्यात दूध आटतंय, वर शरदाचा चंद्र, आणि माझ्या चादरीवर ख्रिसमस!

माझ्या ओमने नंतर मोबाइलवर शोधून ज्ञान दिलं. असले सिनेमे अमेरिकेत हॉलमार्क चॅनलसाठी ढिगाने निघतात. हॉलमार्क म्हणजे शुभेच्छापत्रांची ती १९१० सालापासूनची कंपनी. पंधरा-एक दिवसांत चित्रीकरण उरकतात, बऱ्याचदा कॅनडात आणि पुष्कळदा भर उन्हाळ्यात. म्हणजे बर्फ खोटा आणि कोटाच्या आत माणसं घामाघूम. मी म्हटलं, खोटं तर खोटं. आपल्या त्र्यंबकच्या फाळक्यांनी १९१३ साली तारामती म्हणून साळुंके नावाचा बाप्या उभा केला होता, तीही लोकांनी पाहिलीच की.

आता बायकांची मतं ऐक, खरी मजा तिथेच. पाटीलवहिनी म्हणाल्या, “कित्ती गोड! मुलांनीच जमवलं.” यांनीच २०२१ मध्ये झी मराठीवरच्या त्या ‘माझी तुझी रेशीमगाठ’मधल्या नेहाचं लग्न व्हावं म्हणून उपास धरायचा बाकी ठेवला होता. प्रार्थना बेहेरे एकटीने पोर वाढवते म्हटल्यावर त्यांचा जीव तुटायचा, आणि श्रेयस तळपदे दिसला की पोळी करपायची. बी विंगमधली म्हणाली, “सगळं खरं, पण तिने मुलगा मोठा होईपर्यंत थांबायला हवं होतं.” त्या बापाने मुलगी मोठी होईपर्यंत थांबावं असं कुणाच्याही मनात आलं नाही. उलट त्याच्याबद्दल एकमत झालं की बिचाऱ्याला पोरीची वेणी घालता येत नाही, त्याला बाई हवीच. तिसरी म्हणाली, “विधवा आहे म्हणून चालतंय. घटस्फोटित असती तर तिचंच काहीतरी असणार.” आणि जोशीकाकू, वय अठ्ठ्याहत्तर, दूध फुंकत म्हणाल्या, “दोघांनाही सासू दाखवली नाहीये. जमणार नाही तर काय!”

मी हसत होते. तेवढ्यात पाटीलवहिनींनी विचारलं, “तुम्हाला काय वाटतं हो? तुम्ही तर अनुभवातून गेलेल्या.”

मी म्हणाले, “छे. असं कुठे होतं का? सिनेमाच तो.”

आणि प्रोजेक्टरजवळ लॅपटॉप घेऊन कोण बसलं होतं? ओम. सिनेमा निवडला कुणी? ओमने.

मागच्या पत्रात मी ‘तलावावर ओळख झालेले एक गृहस्थ’ असं एक वाक्य घातलं होतं. तू उत्तरात बाकी काही न लिहिता नुसती तीन प्रश्नचिन्हं काढलीस. आठ महिने गप्प राहण्याचं कारण ती तीन प्रश्नचिन्हं. तर आता ऐक. सावरकर तलावावर ओम पोहायला जायचा तेव्हा त्याच बॅचला केतकी होती. पोरं पाण्यात, आईबाप बाहेर ताटकळत. दीड वर्ष आम्ही फक्त क्लोरीनने केस कसे राठ होतात यावर बोललो. मी त्यांना अजून ‘केतकीचे बाबा’च म्हणते, ते मला ‘ओमची आई’. मग पोहणं सुटलं, पण शनिवारची मिसळ सुटली नाही. चौघांची. पोरं एका बाकावर, आम्ही समोर. ते माझ्या ताटातला पापड न विचारता उचलतात आणि मला त्याचा राग येत नाही, एवढंच काय ते झालंय. एवढंच, असं मी स्वतःला सांगते.

हं, आता तू म्हणणार, ‘मी तेव्हाच सांगितलं होतं.’ सांगितलं होतंस, बाई! पण कधी? ओमच्या बाबाचं वर्षश्राद्धसुद्धा झालेलं नव्हतं, मी त्याच्या शर्टांच्या घड्या घालत बसले होते, आणि तू फोनवर म्हणतेस, “मंजू, अडतिसाव्या वर्षी आयुष्य संपत नाही, दुसरं लग्न कर.” मी फोन आदळला, वर्षभर बोलले नाही. तू वाईट बोलली नव्हतीस, वेळ वाईट साधली होतीस. हिरव्या साडीच्या वेळीही तुझं तेच झालं होतं. आणि ती साडी माझ्याकडे नाही, हे शंभरदा सांगून झालंय.

तर काळजी ही. दुसऱ्या दिवशी केतकीचे बाबा सहज म्हणाले, “गेल्या रविवारी केतकीने घरी एक सिनेमा लावला होता. बेकरीवाली बाई, सुतार आणि बर्फ.” माझा चहा तसाच राहिला. म्हणजे दोघांनी ठरवून केलं? की पोरं एकमेकांना नावं सांगतात तसं नुसतं सांगितलं? त्यांना विचारलं, कसा वाटला? तर म्हणतात, “घरात पोर असून त्या बाईचा ओटा एवढा स्वच्छ कसा?” यावरून काय समजायचं माणसाने?

आणि ओम. त्या रात्री चादर काढताना त्याने फक्त घडी घातली. चार कोपरे जुळवून! या घरात ओमने आजवर घडी घातलेली नाही. मग तीन दिवस ‘हो’, ‘नको’, ‘जेवलो’. समज, त्याने खरोखर मुद्दाम लावला असेल, तर त्याने मला विचारलं आणि मी अख्ख्या गच्चीसमोर नाही म्हटलं. आणि मुद्दाम लावला नसेल, त्याला यातलं काही नकोच असेल, तर मग तो गप्प का? विचारायला जावं तर तोंडातून निघतं, “डबा धुतलास का?” पंधराव्या वर्षी तू-मी आयांना किती कळू द्यायचो, ते आठवून जास्तच भीती वाटते.

आता नोव्हेंबर येईल. ओमच्या बाबाच्या कंपनीमुळे मला पीएफची विधवा पेन्शन येते. फार नाही, महिन्याचा गॅस आणि दूध निघतं. दरवर्षी हयातीचा दाखला मोबाइलवरून द्यायचा, चेहरा दाखवायचा, आणि एक प्रश्न असतो: पुनर्विवाह केला आहे का? हो की नाही. ‘हो’ झालं की माझी पेन्शन बंद. ओमच्या वाट्याची वेगळी आहे, ती त्याला पंचविशीपर्यंत. पैशाचं दुःख नाही, मी कमावते. पण सात वर्षं मी त्या ‘नाही’वर वीज बिल भरावं तसं बोट ठेवत आले. मागच्या वर्षी पहिल्यांदा बोट जरा थांबलं. ॲपला वाटलं मी हलले. ‘चेहरा स्थिर ठेवा’ म्हणालं! त्या बेकरीवालीला असलं काही विचारत नाहीत बघ.

कुणी काही विचारलेलं नाही, त्यांनीही नाही, हे आधी लक्षात घे. उगाच पुण्यात पेढे वाटू नकोस.

तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? बदलीचं काय झालं? दिंडोरीला दादाची गोडी छाटणी उरकली का? द्राक्षं आली की पेटी ठेवायला सांग, पैसे देऊन घेईन, फुकट नको. यायचं असेल तर दिवाळीनंतर ये. सिंहस्थाच्या तयारीत रस्ते ठिकठिकाणी उकरलेत, रिक्षावाला जिथे उतरवेल तिथून चालत यावं लागेल. शनिवारी आलीस तर मिसळीला पाचवी खुर्ची मागू. तूच बघ आणि सांग. पण तिथे काही बोलू नकोस. तीन प्रश्नचिन्हं काढल्यासारखं तोंडही करू नकोस.

तुझी,
मंजू

ता. क. हिरवी साडी माझ्याकडे आहे. कपाटात सगळ्यात खाली, अजून नेसण्यासारखी आहे. येशील तेव्हा घेऊन जा.