फिंचचा पिंजरा लांब हवा, उंच नव्हे

प्रति,
संपादक,
महोदय,

घरसजावटीच्या लेखांत आणि जाहिरातींत एक छायाचित्र वरचेवर दिसते: खिडकीशी टांगलेला घुमटाकार पिंजरा आणि त्यात तीन-चार रंगीत फिंच, म्हणजे दाणे खाणारे चिमुकले पक्षी. ते पाहून लोक तसाच पिंजरा घेतात, रंग आवडले म्हणून वेगवेगळ्या जातींचे पक्षी त्यात एकत्र सोडतात. काही आठवड्यांत एखाद्या पक्ष्याच्या डोक्यामागची पिसे गेलेली असतात आणि दुसरा तळाशी अंग फुगवून बसलेला असतो. मग तिसऱ्याला भांडखोर ठरवले जाते. खरे तर फिंचची बहुतेक भांडणे पिंजऱ्याच्या मापातून आणि सोबत्यांच्या चुकीच्या निवडीतून सुरू होतात. या दोन्ही गोष्टी पक्षी घरी आणण्याआधीच ठरवता येतात, म्हणून हे पत्र जरा लांबले तरी चालवून घ्यावे.

फिंच पोपटासारखा चोचीने तारा धरून वर चढत नाही. त्याची हालचाल म्हणजे एका दांडीवरून दुसऱ्या दांडीवर आडवे उडणे. त्यामुळे पिंजऱ्याची उपयोगी जागा लांबीवर ठरते. उंच आणि अरुंद पिंजऱ्यात खालचा अर्धा भाग जवळजवळ रिकामाच राहतो आणि सगळे पक्षी सर्वांत वरच्या दांडीसाठी एकमेकांना ढकलत बसतात. गोल पिंजऱ्यात तर सरळ उडायला जागा नसते आणि दबलेल्या पक्ष्याला पाठ टेकून बसायला कोपराही मिळत नाही. दिसायला कितीही सुंदर असला तरी तो फिंचसाठी घेऊ नये, असे आम्ही स्पष्टच सांगू.

झेब्रा किंवा बेंगालीज या जातींच्या फिंचच्या एका जोडीसाठी ७५ सेंमी लांब, ४५ सेंमी खोल आणि ४५ सेंमी उंच हे माप आम्ही किमान धरतो. ९० ते १०० सेंमी लांबी मिळाली तर फरक लगेच दिसतो. पॅरट फिंचसारख्या वेगाने उडणाऱ्या जातींना १२० सेंमीपेक्षा कमी लांबी देऊ नये. ७५ सेंमी हा आकडा प्रत्यक्षात किती लहान आहे, हे समजून घ्यायला हवे. शेपटी तारांना घासू नये म्हणून दोन्ही टोकांच्या दांड्या भिंतीपासून दहा-दहा सेंमी आत लावाव्या लागतात. म्हणजे उडायला उरले ५५ सेंमी. त्यात मध्ये झोका, आरसा आणि खेळणे टांगले की पक्षी उडायचा थांबतो आणि नुसता उड्या मारतो. अशा पिंजऱ्यात काही महिन्यांत पोटावर चरबी साठते, मादीला अंडी घालताना त्रास होतो आणि नर सोबतीणीची पिसे उपटू लागतो. झोका हवाच असेल तर तो एका टोकाला लावावा. मधली जागा मोकळीच ठेवावी.

तारांमधले अंतर पट्टीने मोजूनच पिंजरा घ्यावा. ते १२ मिमीपेक्षा जास्त नसावे. लाल मुनिया किंवा कॉर्डन-ब्ल्यू यांसारख्या बारीक जातींना १० मिमी बरे. मोठ्या पोपटांच्या पिंजऱ्यात फिंच ठेवला तर तो सरळ बाहेर निघून जातो किंवा त्याहून वाईट म्हणजे डोके बाहेर काढून अडकतो. जस्ताचा मुलामा दिलेली नवी जाळी वापरणार असाल तर आधी व्हिनेगर आणि ताठ ब्रशने घासून, धुऊन, उन्हात वाळवावी. सुट्या जस्ताचे कण पोटात गेले तर विषबाधा होते.

दांड्या चार पुरेत: दोन्ही टोकांना एकाच उंचीवर दोन वरच्या आणि दोन खालच्या. वरच्या दोन्ही एकाच उंचीवर असणे महत्त्वाचे, कारण सर्वांत उंच जागा एकच असेल तर तिच्यावर कब्जा करणारा पक्षीही एकच असतो. जाडी ८ ते १५ मिमीच्या दरम्यान, पण सगळ्यांची सारखी नको. सालीसकट नैसर्गिक फांद्या सर्वांत चांगल्या, कारण त्यांची जाडी जागोजागी बदलते आणि तळपायाच्या एकाच भागावर भार येत नाही. नखे झिजावीत म्हणून दांडीवर सॅंडपेपर गुंडाळण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. त्याने नखे फारशी झिजत नाहीत, तळपाय सोलवटतात. दाण्यापाण्याची भांडी दांडीच्या बरोबर खाली ठेवली की त्यांत विष्ठा पडणारच.

पिंजरा कोठे ठेवायचा हे थोडक्यात. एक बाजू भिंतीला टेकलेली, उंची साधारण माणसाच्या डोळ्यांइतकी, वाऱ्याचा थेट झोत नाही आणि दिवसभराचे कडक ऊनही नाही. स्वयंपाकघरात तर मुळीच नको: न चिकटणाऱ्या लेपाचे भांडे जास्त तापले की त्यातून निघणारा वायू लहान पक्ष्यांना काही मिनिटांत मारतो.

आता सोबत्यांविषयी. फिंच थव्यात राहणारा पक्षी आहे, त्यामुळे एकटा फिंच ठेवणे योग्य नाही. आरसा हा सोबतीला पर्याय नाही. पण सोबत हवी म्हणून कितीही आणि कोणतेही पक्षी एकत्र ठेवता येत नाहीत. झेब्रा फिंचच्या बाबतीत तीनची संख्या सर्वांत वाईट. एक जोडी जमते आणि तिसऱ्याला दिवसभर हाकलले जाते. दोन नर आणि एक मादी असेल तर हे हाकलणे जीवघेणे होऊ शकते. दोन जोड्याही लहान पिंजऱ्यात टिकत नाहीत, कारण वरचढ जोडीचा सगळा राग एकाच जोडीवर निघतो. म्हणून एकतर एकच जोडी ठेवावी, नाहीतर सुमारे १८० सेंमी लांबीच्या जागेत तीन किंवा जास्त जोड्या, म्हणजे पाठलाग वाटला जातो आणि कोणी एक कायमचा बळी ठरत नाही. मोठ्या समूहातही नर-मादी संख्या समान असावी. पिल्ले नको असतील तर दोन माद्या किंवा मादीविना दोन नर हा सोपा मार्ग आहे. तो फार कमी लोकांना सुचवला जातो.

त्यासाठी नर-मादी ओळखता आले पाहिजे. राखी रंगाच्या झेब्रा नराच्या गालावर नारिंगी ठिपका, छातीवर काळे बारीक पट्टे आणि कुशीवर तांबूस रंगात पांढरे ठिपके असतात. मादीत यांतले काही नसते. पूर्ण पांढऱ्या झेब्रामध्ये ही खूण मिळत नाही, तिथे चोच पाहावी: नराची गडद लाल, मादीची फिकट नारिंगी. चोच अजून काळी असलेले पिल्लू ‘नक्की मादी’ म्हणून कोणी देत असेल तर विश्वास ठेवू नये. बेंगालीजमध्ये नर-मादी दिसायला अगदी सारखे. गाणारा तो नर, एवढीच भरवशाची खूण, तीही पक्षी काही वेळ ऐकल्यावर. पण बेंगालीज कोणत्याही प्रमाणात गुण्यागोविंदाने राहतात, त्यामुळे तिथे चूक झाली तरी फार बिघडत नाही. नवशिक्याने पहिला फिंच बेंगालीज घ्यावा असे आम्हाला वाटते ते यामुळेच.

वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवताना चोचीचा आकार, अंगावरचा रंग आणि शेजाऱ्याशी वागण्याची तऱ्हा बघावी. चोच जाड आणि शरीर मोठे तितका लहान पक्ष्यांना धोका जास्त. जावा फिंच साधारण १५ सेंमी लांब असतो, झेब्रा १० सेंमीच्या आसपास. जावा स्वभावाने शांत असला तरी दाण्याच्या भांड्यावर त्याच्या एका ठोकरीने बारीक मुनियाचा पाय मोडू शकतो. कट-थ्रोट फिंच एरवी ठीक असतात, पण विणीच्या काळात इतरांची घरटी उचकटतात. रंगाचे कारण वेगळे आहे: आपल्यासारख्याच रंगाचा दुसरा नर दिसला की फिंच त्याला प्रतिस्पर्धी समजतो. त्यामुळे लाल रंगाच्या दोन जाती एकत्र ठेवू नयेत. क्रिम्झन फिंचला तर लहान जागेत दुसऱ्या कोणाबरोबरही ठेवू नये.

वागण्याची तऱ्हा हा मुद्दा पुस्तकी वाटतो, पण रोजच्या त्रासाचे मूळ बऱ्याचदा तिथेच सापडते. झेब्रा आणि बेंगालीज अंगाला अंग लावून रांगेत बसतात, एकमेकांची मान खाजवतात. गोल्डियन फिंच तसे करत नाही. त्याला दोन पक्ष्यांत थोडे अंतर लागते. लहान पिंजऱ्यात बेंगालीज त्याच्याजवळ सरकत राहतो, गोल्डियन मागे हटत राहतो. मारामारी होत नाही, म्हणून माणसाला सगळे छान वाटते, आणि गोल्डियन मात्र हळूहळू कमी खाऊ लागतो. पिंजरा १२० सेंमीपेक्षा लांब असेल तर हे दोघे निवांत राहतात. गोल्डियन आणि झेब्रा मात्र वेगळे ठेवलेले बरे, कारण झेब्रा चपळ आणि हट्टी असतो आणि घरट्याच्या जागेवरून गोल्डियनला हुसकावतो. बेंगालीजचा मुनियांशी सहज संकर होतो, त्यामुळे त्यांना विणीच्या काळात एकत्र ठेवू नये.

बजरीगर, लव्हबर्ड, कॉकेटील या पोपटवर्गीय पक्ष्यांबरोबर फिंच कधीही नको. ‘आमच्याकडे राहतात’ असे सांगणारे भेटतात. ते राहतात तोवर राहतात. आकड्यासारख्या वाकड्या चोचीचा एक चावा फिंचचे बोट किंवा पाय तोडायला पुरतो.

भांडणाला सर्वांत जास्त खतपाणी घालते ते घरटे. पक्ष्यांना झोपायला हवे म्हणून लोक मडके किंवा टोपली टांगतात आणि शांत पिंजरा दोन दिवसांत रणांगण होतो. झेब्राला घरटे मिळाले की तो वीण सुरू करतो. मादी चार ते सहा अंडी घालते, नर-मादी दोघे ती बारा-चौदा दिवस उबवतात, पिल्ले तीन आठवड्यांची झाली की घरट्याबाहेर येतात आणि ती स्वतः खाऊ लागण्याआधीच पुढची अंडी पडलेली असतात. सलग विणीने मादीचे कॅल्शियम संपते, अंडे अडकते आणि ती एका दिवसात दगावते. वीण नको असेल तर घरटे ठेवूच नये. फिंच दांडीवर व्यवस्थित झोपतात. वीण हवी असेल तर त्या जोडीला स्वतंत्र पिंजरा द्यावा, समुद्रफेण किंवा उकळून वाळवलेल्या अंड्याच्या टरफलांचा चुरा कायम ठेवावा आणि वर्षात दोन-तीन खेपांनंतर घरटे काढून घ्यावे. मोठ्या समूहात घरटी द्यायचीच असतील तर जोड्यांच्या दुप्पट, एकाच प्रकारची आणि एकाच उंचीवर द्यावीत. काथ्या किंवा गवत पाच-सहा सेंमीचे तुकडे करून द्यावे. लांब दोरा पायाला गुंडाळला की बोट सुकून गळते.

नवा पक्षी आणल्यावर तो थेट जुन्यांत सोडू नये. तीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा आणि त्याची भांडी वेगळी धुवावीत. चोच उघडी ठेवून श्वास घेणे, श्वासाबरोबर टिकटिक आवाज येणे ही श्वसनमार्गातल्या सूक्ष्म किड्यांची लक्षणे असू शकतात, आणि ते किडे साऱ्या पिंजऱ्यात पसरतात. तीस दिवसांनंतर आठवडाभर दोन्ही पिंजरे शेजारी ठेवावेत. मग सकाळी जुन्या पक्ष्यांना बाहेर काढून दांड्या आणि भांडी यांच्या जागा बदलाव्यात आणि सगळ्यांना एकदम आत सोडावे, म्हणजे कोणाचीच आधीची हद्द उरत नाही. दाण्याची आणि पाण्याची किमान दोन-दोन भांडी परस्परविरुद्ध टोकांना हवीत. भांडे एकच असेल तर वरचढ पक्षी त्याच्यासमोर बसून राहतो आणि दुबळा उपाशी राहतो. भांडे भरलेले दिसते, त्यामुळे हे लक्षातही येत नाही.

पहिले काही तास समोर थांबावे. थोडे चोच उगारणे, जागेवरून उठवणे चालते. एकाच पक्ष्याचा सतत पाठलाग होत असेल, तो जमिनीवर उतरून कोपऱ्यात बसत असेल, किंवा डोक्यामागची आणि शेपटीच्या मुळाशी असलेली पिसे जात असतील, तर ‘होईल सवय’ म्हणत वाट पाहू नये. शक्यतो हल्ला करणाऱ्याला बाहेर काढावे, कारण मार खाणाऱ्याला काढले तर हल्ला करणारा दुसरा बळी शोधतो. यासाठी एक रिकामा, लहान पिंजरा घरात नेहमी तयार असावा.

पिंजरे विकणाऱ्यांना आपल्यामार्फत आमची एक विनंती आहे. प्रत्येक पिंजऱ्यावर आतली लांबी, तारांमधले अंतर आणि त्यात कोणत्या जातीचे किती पक्षी ठेवता येतील, एवढे तीन आकडे लिहिलेली चिठ्ठी लावावी. आणि आपल्या पुरवण्यांत पक्ष्यांचे छायाचित्र छापताना गोल पिंजऱ्याऐवजी लांब, आडवा पिंजरा निवडावा. वाचक जे पाहतात तेच विकत घेतात.

आपले नम्र,
फिंच पाळणारे काही वाचक