अंगावर काढू नकोस

नारायण पेठ, पुणे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोन तू कट केलास, पण आवाज आधी मी चढवला. सातव्या महिन्यात १०१ ताप, आणि तू म्हणतेस, "बाबा, नुसती कणकण होती, गोळी घेतली, उतरला." वर मीटिंगला बसलीस.

गोळीनं ताप उतरतो गं, जंतू नाही मरत. हे आता पुन्हा लिहिणार नाही.

पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं काढली, तुंबलेल्या पाण्याचं मला कळतं. बाळ वाढतं तशा मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळ्या सैल पडतात, दाबल्या जातात, उजवीकडची जास्त. लघवी साठते, जंतू वर मूत्रपिंडात चढतात, तिथून रक्तात. परवा तू म्हणालीस, उजव्या कुशीत दुखतंय, झोपेत अवघडलं असेल. तुझी आईही अगदी हेच म्हणाली होती.

१९९१ ची अनंत चतुर्दशी. दोन रजया घालूनही तिचे दात वाजत होते. लक्ष्मी रोड माणसांनी फुललेला, रिक्षा कुठली मिळायला? मी तापाची गोळी दिली आणि म्हणालो, "मिरवणूक सरू दे, सकाळी जाऊ." पुण्याची मिरवणूक सकाळी सरते होय! पहाटे घाम येऊन ताप उतरला. मला हायसं वाटलं. मग हात धरला तर बर्फ. श्वास भरभर चाललेला, आणि मला विचारतेय, "आबा जेवले का?" आबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. वाड्यातल्या पोरांनी ढोल उतरवले आणि तिला खुर्चीत बसवून गर्दीतून उचलून नेली. आई वाचली. बाकीचं तुला ठाऊक आहे.

सेप्सिसचा, म्हणजे जंतुसंसर्गापायी शरीराचे अवयवच बिघडू लागल्याचा, संशय आला की डॉक्टर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करतात, कल्चरच्या, म्हणजे जंतू कोणते ते शोधणाऱ्या तपासणीच्या, रिपोर्टसाठी थांबत नाहीत. मी अख्खी रात्र थांबलो.

झालं, पुन्हा प्रवचन. चुकलं. एवढी टीम सांभाळतेस, तुला मी काय शिकवणार? कट्ट्यावर तुझंच कौतुक सांगत असतो. पण दहावीला प्लास्टरमधल्या हातानं पेपर लिहिणारी पोर तू. सोसायची तुला खोड आहे, तिचीच मला धास्ती वाटते.

आजच डॉक्टरांना दाखव, फोनवर विचारून भागवू नकोस. लघवीचं कल्चर करून घे. पुन्हा थंडी वाजली, ताप १००.४ च्या वर गेला, धाप लागली, लघवी कमी झाली, यातलं एक जरी झालं, तर रात्र असो की मीटिंग, तडक हॉस्पिटल. ताप नसला तरी. गरोदरपणात धाप लागायचीच, असं कुणी म्हणालं तरी ऐकू नकोस. आणि बोलण्यात गोंधळ झाला तर तो तुला नाही कळायचा, निखिलला सांगून ठेव.

डब्यात मेतकूट आहे, मऊ भाताबरोबर खा. थर्मामीटरमध्ये नवा सेल घातलाय. डबा परत करायची घाई नाही.

तुझा,
बाबा

ता. क. पत्र आईला दाखवू नकोस. तिला वाटतं, त्या रात्रीचं मी विसरलो.