ढोलकी उजवीकडे नेणाऱ्या ताईंना

ताई,

वयाने तुम्ही माझ्या थोरल्या मुलीएवढ्या, तरी ताईच म्हणतो. प्रयोग होऊन तीन आठवडे झाले. अजून संध्याकाळचे सात वाजले की पाय शाळेच्या हॉलकडे वळतात आणि कोपऱ्यावर गेल्यावर आठवतं, आज तालीम नाही. तुम्हाला दोनदा फोन केला. फोनवर मला निम्मं कळत नाही आणि उरलेल्या निम्म्यात माझाच आवाज फुटत नाही. म्हणून हे लिहितोय, आणि मुद्दाम जाहीर लिहितोय, कारण आणखी चार लोकांनी ते वाचावं असं मनात आहे. ते चार लोक कोण, ते त्यांना वाचताना कळेलच.

आधी त्या नाचाच्या मास्तरांचं उरकून घेतो. नाव घेत नाही. पाच हजार आगाऊ घेतले, चार दिवस आले. गण, गौळण, वग असं आमचं साधं लोकनाट्य, आणि हे स्पीकरवर सिनेमातलं गाणं लावून गौळणींना कमरेचे झटके शिकवायला लागले. जिवंत ढोलकीवाला भिंतीला टेकून बसलेला, त्याच्याकडे ढुंकून बघितलं नाही. मला पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘‘काका, तुम्ही मागे थांबा आणि नुसत्या टाळ्या वाजवा. मागची टाळी चुकली तरी दिसत नाही.’’ ताई, मी मावशी होतो! गौळणीतल्या मावशीला मागे उभं करणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. पुढे नवरात्र लागलं, मास्तरांना दांडियाच्या ऑर्डरी आल्या आणि त्यांचा फोन लागेनासा झाला. पैसे गेले ते गेलेच. आमच्या मंडळींचा निष्कर्ष काय, तर ‘नाच काढून टाकू या.’ वीस-वीस वर्षं स्टेजवर काढलेली माणसं ही!

महिना राहिला असताना तुम्ही आलात. बँकेतून सुटून, कोल्हापूरहून इचलकरंजीपर्यंत दुचाकीवर. कथ्थक विशारद बाई आमच्यासारख्या यंत्रमागवाल्यांकडे फुकट कशाला येईल, असं आमच्यात दोघांनी उघड बोलून दाखवलं होतं. तुमच्या कानावर ते गेलं असणार. तुम्ही फक्त एकदा, चहाच्या वेळी, सहज सांगितलंत, की लहानपणी केशवराव भोसले नाट्यगृहात नाचला होतात आणि 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळताना रस्त्यावर उभ्या राहून पाहिलंत. त्या रात्री ठरवलंत, स्टेजसाठी कुणी बोलावलं तर नाही म्हणायचं नाही. एवढं बोलून तुम्ही भडंगाचा पुडा पुढे केलात आणि विषय बदललात. पेट्रोलचे पैसेसुद्धा तुम्ही कधी घेतले नाहीत. घेतलंत ते जयसिंगपूरचं भडंग, तेही आमच्याबरोबर एकाच कागदावरून.

आता माझ्या कानाचं सांगतो. हे मी घरातही नीट सांगितलेलं नाही. चौतीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारा, होतो. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून हे गाव मोठ्याने बोलतं. बाहेरच्याला वाटतं भांडणच चाललंय. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे जाताना जो ठोका बसतो, तो एका मागाचा नव्हे, शेडभर मागांचा, बारा-बारा तास. आत बोलणं असतं ते ओठांचं आणि हातांचं. अशा कानातून बारीक आवाज आधी जातात. बायकांचे, पोरांचे, पाखरांचे. माझा डावा कान गेल्यातच जमा आहे, उजवा थोडा शाबूत. ढोलकीची धूम, म्हणजे जाड आवाज, मला कळते, चाटीचा बारीक आवाज हरवतो. तुणतुणं तर मला फक्त दिसतं.

हे मी लपवत आलो होतो. ऐकू आलं नाही की हसायचं, मान हलवायची, ‘हो हो’ म्हणायचं. बायकोला वाटतं मी तिच्याकडे दुर्लक्ष करतो. मंडळातल्या लोकांना वाटतं म्हातारा तालात कच्चा. दोन्ही चालवून घेतलं, कारण बहिरा म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं. पहिल्या दिवशी तुम्ही काहीतरी सांगितलंत, मी ‘हो हो’ म्हणालो आणि नेमकं उलट केलं. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. काही बोललाही नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून काही सांगायचं असलं की चालत माझ्या उजव्या बाजूला यायचात, समोर तोंड करून बोलायचात. मला वाटलं, तुमची सवयच असेल.

तिसऱ्या दिवशी तुम्ही वादकांना हलवलंत. ढोलकी, तुणतुणं, झांज, पेटी सगळं प्रेक्षकांच्या उजव्या हाताला मांडलेलं होतं. ते उचलून पार पलीकडे, म्हणजे आम्ही लोकांकडे तोंड करून उभे राहिलो की आमच्या उजव्या हाताला नेलंत. का, तर म्हणे, ‘‘इकडून दिवा नीट पडतो.’’ वादक कुरकुरले. तिकडे पंखा नव्हता. ऑक्टोबरचा उकाडा, ढोलकीवाल्याच्या कपाळावरचा घाम टपकून पानावर पडायचा आणि तो तुमच्याकडे रागाने बघायचा. आमच्या दिग्दर्शकांनी तर मोबाइलचा टॉर्च लावून दोन्हीकडचा उजेड पडताळून पाहिला आणि ‘काही फरक नाही’ असं जाहीर केलं. तुम्ही गोड हसलात आणि ढोलकी तिकडेच ठेवलीत.

मला मात्र त्या संध्याकाळी केरवा ताल पायात आला. वाटलं, सरावाने जमतंय. घरी जाऊन बायकोला सांगितलं, अजून दम आहे बघ माझ्यात.

मला कळलं ते प्रयोगानंतर. सामान भरताना ढोलकीवाला ढोलकी खोळीत घालत होता. तो मोठ्याने, माझ्या उजव्या कानाशी येऊन म्हणाला, ‘‘काका, उजेडाचं काही नव्हतं. बाईंनी मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, तुम्हाला उजव्या बाजूने ऐकू येतं म्हणून. आणि काकांना कळू देऊ नका म्हणाल्या, संकोच वाटेल त्यांना.’’ म्हणजे तो महिनाभर घाम गाळत, तुमच्याकडे रागाने बघायचं नाटक करत होता. आमच्या मंडळातला सर्वांत चांगला नट तोच निघाला.

मी तिथेच ट्रंकेवर बसलो. नऊवारी अजून अंगावर, मिशी काढलेली, ओठांना लाली. तशा अवतारात रडलो. पोरांना वाटलं, मावशी अजून भूमिकेतच आहे.

चौतीस वर्षांत शेडमालकाने कानात घालायला कापसाचा बोळासुद्धा दिला नाही. तपासायला गेलो तिथला माणूस माझ्याकडे न बघता मुलाला म्हणाला, ‘‘वयाने होतं.’’ आणि ज्या बाईशी माझी ओळख दोन दिवसांची, तिने माझ्या एका कानासाठी पाच माणसांची बैठक हलवली आणि वर खोटं बोलली. मदत करून ती ऐकवणारी माणसं या गावात ढिगाने आहेत. देवळाच्या पायरीपासून पंख्याच्या पात्यापर्यंत देणगीदारांची नावं असतात आमच्याकडे. न ऐकवता करणारं माणूस मला साठी उलटल्यावर भेटलं.

आणखी एक. चहाच्या सुट्टीत माझा अंगठा आणि बोट आपोआप चालतात, चिमटीत सुताचा तुटका तार धरून गाठ मारल्यासारखी. जॉबरचा हात, हातात काही नसलं तरी चालतो. तुम्ही ते लांबून बघत होतात. म्हणालात, ‘‘काका, हेच ठेवा. मावशी बोलता बोलता पदराचं टोक असंच चिमटीत वळते.’’ प्रयोगात मी पदराला तशी गाठ मारली तेव्हा पुढच्या चार रांगांतून टाळी आली. त्या रांगांत सगळे मागवाले होते, त्यांना बरोबर कळलं. मास्तर मला टाळ्या वाजवायला सांगत होते, तुम्ही मिळवून दिल्यात.

5 नोव्हेंबरचा प्रयोग. सकाळी नटराजाची पूजा झाली तेव्हाच बॅनर पाहिला आणि शरमेने मेलो. ‘नृत्य’ या शब्दापुढे त्या पळालेल्या मास्तरांचं नाव! बॅनर आधी छापलेला, पुन्हा छापायला पैसे नाहीत, आणि पट्टी चिकटवायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही. ‘घाशीराम कोतवाल’मधली ती माणसांची भिंत नाटकवेडा माणूस विसरत नाही, पण ती हलायला शिकवणाऱ्या कृष्णदेव मुळगुंदांचं नाव विचारलं तर दहांतले नऊ जण गप्प होतील. नाच बसवणाऱ्याच्या नशिबी हेच येतं बहुधा. तुम्ही बॅनरकडे पाहिलंत आणि म्हणालात, ‘‘अक्षर छान आलंय.’’ यापेक्षा शिव्या दिल्या असत्यात तर बरं वाटलं असतं.

गौळणीत तिसऱ्या कडव्याला माझं एक पाऊल आधी पडलं, हे कबूल करतो. तुम्ही विंगेत अनवाणी उभ्या होतात, माझ्याच उजव्या बाजूला. त्या चुकीला तुम्ही हसलात ते मी पाहिलं, आणि मला पहिल्यांदाच कुणाच्या हसण्याची लाज वाटली नाही. नंतर आम्ही सगळे लोकांपुढे वाकलो तेव्हा विंग रिकामी होती. दुसऱ्या दिवशी बँक होती, मान्य. पण ताई, तुम्ही तशाच निघून गेलात.

तुमची ओटी राहिली आहे. खण आणि नारळ आमच्या कपाटात ठेवलाय. हिने दुकानात चार नारळ कानाशी हलवून त्यातला पाण्याचा निवडला. मीही हलवून पाहिला, मला सगळे सारखेच. येत्या रविवारी या, नाहीतर त्याच्या पुढच्या. त्याला कोंब फुटायच्या आत या. जिन्याला कठडा नाही, जपून चढा, आणि खालून हाक मारू नका, ऐकू येणार नाही. सरळ वर या.

तुमचा,
मावशी