खड्डे आत्ता, झाडं आर्द्रात

सातारा,
अक्षय्य तृतीयेचा आदला दिवस

प्रिय शैला,

तू पाठवलेला बागेचा नकाशा काल रात्री चष्मा लावून नीट बघितला. रंग सुरेख भरलेत त्या मुलाने. पुढे लॉन, फाटकाच्या दोन्ही अंगांना बॉटल पाम, कोपऱ्यात कारंजं. पण अगं, कपडे वाळत घालायची दोरी कुठे आहे? मोरीचं पाणी कुठून जाणार? सेप्टिक टँक कुठे पुरलाय? त्या कागदावर तुमच्या दोघांचं घर मला कुठे सापडेना, एखाद्या मंगल कार्यालयाचं आवार वाटलं. राग मानू नकोस. आणि टेम्पो भरून रोपं आणायचा बेत तेवढा या पावसाळ्यात रद्द कर.

मी हे तोऱ्यात सांगत नाहीये. वास्तुशांत झाल्यावर महिन्याभरात मीही टेम्पो आणला होता, ४० रोपांचा. नर्सरीत जे जे फुललेलं दिसलं ते ते घेतलं. उत्तरेच्या भिंतीशी कायम सावली असते असं समजून तिथे नेचे लावले. हिवाळाभर काय ऐटीत होते! मे उजाडला आणि आठवड्यात करपले. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला: आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी सावली पायाखाली नाहीशी होते, आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे डिसेंबरात जिथे शेवाळं धरतं, तिथेच मेअखेर ऊन भाजून काढतं. वाईतही हेच होणार, साताऱ्यापासून कितीसं लांब आहे ते!

म्हणून वर्षभर फक्त बघ. चौकोनी वहीत घराचा आराखडा काढ, एक चौकोन म्हणजे एक फूट, आणि मे, ऑक्टोबर, जानेवारीत एकेक दिवस सकाळी ८, दुपारी १२ आणि ४ वाजता ऊन कुठे आहे ते पेन्सिलीने रंगव. पावसात पाणी कुठे तुंबतं तिथे फुली मार. दूधवाला, गॅसवाला, तुझी कामवाली कुठून ये-जा करतात तेही बघ. पायवाटेला फरशी आत्ताच घालू नकोस. माणसं आपली वाट पाडतात, मग तिच्यावरच फरशी टाकायची. माझ्याकडे नळापर्यंतची सरळ वाट सोडून मी हौसेने वळणाची केली. सगळे शेवंतीच्या वाफ्यातून जातात, मीसुद्धा.

मातीचं मात्र आजच बघ. बांधकामाचा राडारोडा ठेकेदार तिथेच पसरून वर चार बोटं लाल माती टाकतात. ती दिसते गोजिरी, पण पहार मारली की विटांचे तुकडे आणि सिमेंटची ढेकळं निघतात. चुना-सिमेंट मुरलेल्या मातीत झाडाला लोह मिळत नाही. माझा अनंत भिंतीलगत होता, तीन वर्षं पिवळाच. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधलं सगळं फिकट. मी खत घालतेय, पाणी घालतेय, दृष्ट तेवढी काढायची राहिली होती. शेवटी उकरून दुसरीकडे हलवला, पानं कुजून झालेल्या काळ्या मातीत लावला, तेव्हा सुधारला. पाण्याचीही परीक्षा घे. फूटभर खड्डा कर, पाण्याने भर, ते मुरलं की पुन्हा भर. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसलं तर खाली मुरूम दाबून बसलाय, तो फोडल्याशिवाय तिथे काही लावू नकोस.

यंदा लावायचीच असतील तर तीन झाडं. झाड चुकलं तर ते उपटायला दहा वर्षांनी कुऱ्हाडच लागते, म्हणून त्यांची जागा मात्र विचारपूर्वक ठरव. पश्चिमेला, घरापासून १५ फुटांवर बहावा किंवा ताम्हण, म्हणजे उन्हाळ्यातल्या चारच्या उन्हाला आडोसा होईल. ताम्हण आपलं राज्यफूल, पण मूळचं ओढ्याकाठचं. तुमच्याकडे उन्हाळ्यात पाणी कमी पडत असेल तर बहावाच बरा. दुसरा पारिजातक, तुमच्या झोपायच्या खिडकीशी. खाली फरशी किंवा सारवलेली जमीन हवी, चिखलातली फुलं कोण वेचणार? तिसरी बकुळ. तिला वेळ लागतो, म्हणूनच ती आधी लावायची. गुलमोहर नको, वाऱ्यात फांद्या कडाकडा मोडतात. भिंतीच्या फटीत पिंपळ-उंबर उगवला तर दोन पानांवर असतानाच काढ. देवाचं झाड म्हणून ठेवलंस तर टाकी फोडील.

खड्डे उद्याच्या मुहूर्तावर घ्यायला सांग, २ फूट लांब, रुंद आणि खोल. महिनाभर उन्हात तापू देत. मग माती, दोन पाट्या चांगलं कुजलेलं शेणखत आणि ओंजळभर निंबोळी पेंड घालून भर. मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नकोस, मध्येच ओढ देतो तो. आर्द्रात जमीन वीतभर ओली झाली की लाव. रोप घेताना उंच, फुललेलं बघू नकोस. लहान, बुंध्याला जाड असलेलं घे, पिशवीच्या तळातून मुळं बाहेर आलेलं नको. आणि हसू नकोस, पण लावताना पिशवी काढायची असते. आमच्या शेजारच्या वहिनींनी आठ रोपं पिशवीसकट पुरली होती.

लॉनचा हिशेब मात्र मांडून दाखवते. हजार चौरस फुटांवर इंचभर पाणी म्हणजे जवळजवळ २,३६० लिटर, आणि उन्हाळ्यात आठवड्याला तेवढं तरी लागतंच. शिवाय कापणी, तण. नातवाला लोळायला हवं असेल तर चटईएवढा तुकडा ठेव, ओसरीसमोर. कारंज्याबद्दल बोलतच नाही. मोरीच्या पाण्यावर अळू, कर्दळ आणि एक केळ लाव, गणपतीत पानं विकत आणावी लागणार नाहीत. कुंपणाला कुंती आणि तगर, दोन्ही मरता मरत नाहीत. मोगरा पुढच्या वर्षी, भरपूर उन्हाची जागा कळल्यावर.

आणि पाला जाळू देऊ नकोस. झाडाच्या आळ्यात पसर, बुंध्याला न चिकटवता. मेमध्ये एक दिवसाआडचं पाणी चार दिवसांआड होतं, मी करून बघितलंय.

बकुळीची दोन रोपं मी पिशवीत वाढवून ठेवली आहेत, एक तुझं. मृगाच्या सुमारास वाईला येते, तोवर दोरी कुठे बांधणार ते नक्की कर. बहाव्याखाली बांधलीस तर पांढऱ्या साड्या विसर, पाखरं तिथेच बसतात.

तुझी,
कुमुद